रेझिनमधली विनाशिका कशी पारखावी: नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शक

युद्धनौकेच्या मॉडेलचं रेझिन किट आणून खोकं उघडलं की नजर आधी जाते ती पितळेच्या झिरझिरीत पत्र्याकडे. बारीक कठडे, जाळीचं रडार, नखावर मावतील अशा शिड्या. ते पाहून जीव हरखतो, आणि किट चांगलं की वाईट याचा निकाल तिथेच लागून जातो. नवख्यांना माझं पहिलं सांगणं हे की तो पत्रा बाजूला ठेवा आणि सगळ्यात शेवटी पाहा. कठडे दुसऱ्या उत्पादकाचे मिळतात, तोफांच्या नळ्या सुट्या मिळतात, डिकॅल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायचे आकडे आणि चिन्हं, बदलता येतात. हल, म्हणजे जहाजाचं धड, मात्र खोक्यात एकच असते. तिचा आकार चुकला असेल तर वरचं कितीही सुंदर काम ते झाकू शकत नाही.

म्हणून दोष केवढा दिसतो यापेक्षा तो दुरुस्त होतो की नाही, हे आधी बघायचं. डेकवर ठळक दिसणारं छिद्र पाच मिनिटांत बुजतं. जहाज दोन मिलिमीटरने अरुंद निघालं तर त्यावर इलाज नाही, आणि असला दोष नुसत्या डोळ्यांना सहसा दिसतही नाही. खालचा सगळा क्रम याच हिशेबाने लावला आहे.

उदाहरणासाठी अमेरिकेच्या फ्लेचर वर्गातली विनाशिका १/७०० प्रमाणात धरू. दुसऱ्या महायुद्धात या वर्गाची १७५ जहाजं बांधली गेली. त्यांची मापं पक्की ठाऊक आहेत, मूळ आराखडे आणि छायाचित्रं मुबलक आहेत आणि चार जहाजं आजही पाहता येतात. जहाज दुसरं असलं तरी पद्धत हीच.

रेझिनचा स्वभाव

प्लॅस्टिकच्या किटचे साचे पोलादाचे असतात आणि त्यांतून हजारो नग जवळपास सारखे निघतात. रेझिनचं तसं नाही. पॉलियुरेथेनची दोन द्रवं मिसळून ती सिलिकॉन रबराच्या साच्यात ओततात आणि थोड्या वेळात ती घट्ट होतात. रबर लवचीक असल्यामुळे कडांखालच्या खाचासुद्धा छान उतरतात आणि बारकावे उत्तम मिळतात. पण हे साचे लवकर थकतात. दर ओतकामागणिक रबर थोडं झिजतं, कुठे बारीक फाटतं, कुठे त्याचा तुकडा उडतो. त्यामुळे एकाच उत्पादकाची, एकाच जहाजाची दोन खोकी वेगवेगळ्या दर्जाची निघू शकतात. कुणीतरी किटची वाखाणणी केलेली वाचून निर्धास्त राहू नका. त्याने त्याचं खोकं पाहिलेलं असतं, तुमचं नाही.

हल्ली रेझिन किट म्हणून विकली जाणारी बरीच किटं ओतीव नसून थ्रीडी प्रिंट केलेली असतात. ओळखायला सोपं आहे. ओतीव भागाला रेझिनची जाड मुळी जोडलेली असते आणि कुठेकुठे हवेचे बुडबुडे सापडतात. प्रिंटला आधाराच्या बारीक काड्या असतात आणि उतरत्या पृष्ठभागावर पायऱ्यापायऱ्यांच्या रेषा दिसतात. दोन्हींचे दोष वेगळे, तेव्हा हातात काय आहे ते आधी ठरवून घ्या.

पहिली पायरी: कोणतं जहाज आणि कोणतं वर्ष

खोक्यावर नुसतं ‘फ्लेचर क्लास’ लिहिलं असेल तर ती माहिती अपुरी आहे. युद्धातलं जहाज वर्षभरही एका रूपात राहत नसे. सुरुवातीच्या फ्लेचरचा ब्रिज, म्हणजे जहाज जिथून चालवतात ती वरची खोली, पुढून गोलसर आणि उंच होता. नंतरच्या जहाजांत तो ठेंगणा आणि चौकोनी झाला. विमानविरोधी तोफा वाढत गेल्या. १९४५ मध्ये आत्मघातकी जपानी विमानांच्या हल्ल्यांमुळे काही जहाजांवरचा पुढचा टॉर्पेडो संच, म्हणजे टॉर्पेडो सोडणाऱ्या नळ्यांचा जुडगा, उतरवून जहाजाच्या मध्यभागी ४० मिलिमीटरच्या चार-चार नळ्यांच्या तोफा बसवल्या गेल्या.

याचा पारखण्याशी थेट संबंध आहे. समजा, तुम्हाला फिलिपिन्सजवळच्या समारच्या लढाईतली यूएसएस जॉन्स्टन बनवायची आहे. २५ ऑक्टोबर १९४४ रोजी तिने आपले दहाच्या दहा टॉर्पेडो सोडले, त्यांतल्या एकाने कुमानो या जपानी क्रूझरची नाळ, म्हणजे पुढचं टोक, उडवली आणि त्याच दिवशी जॉन्स्टन बुडाली. म्हणजे त्या मॉडेलवर पाच-पाच नळ्यांचे दोन संच हवेतच. खोक्यात एकच संच आणि मध्यभागी चौनळी तोफा निघाल्या तर ते किट १९४५ चं आहे. ते चांगलं असेलही, पण जॉन्स्टनचं नाही. याउलट प्रिंगल, स्टीव्हन्स आणि हॅलफर्ड ही तीन जहाजं सुरुवातीला सागरी विमान उडवण्याच्या कॅटापल्टसह बांधली गेली. त्यासाठी मागचा टॉर्पेडो संच आणि तीन नंबरची तोफ गाळली होती. अशा किटमध्ये पाचऐवजी चारच मुख्य तोफा आल्या तर ती उणीव नव्हे, तो अभ्यास आहे.

संग्रहालयातल्या जहाजांचे फोटो वापरताना विशेष जपा. बॅटन रूजमधली यूएसएस किड ऑगस्ट १९४५ च्या रूपात जतन केलेली आहे, म्हणून युद्धकाळासाठी ती फार उपयोगी. बफेलोतली द सलिव्हन्स आणि बॉस्टनमधली कॅसिन यंग युद्धानंतरच्या बदलांसकट उभ्या आहेत. ग्रीसमधली व्हेलॉस, म्हणजे मूळची यूएसएस शॅरेट, तीही नंतरच्या रूपातच आहे. पोलंडच्या ब्विस्काविट्साबाबत तर हा फरक आणखी ढळढळीत आहे. १९३९ मध्ये तिच्यावर १२० मिलिमीटरच्या सात तोफा होत्या, १९४१ मध्ये त्या काढून १०२ मिलिमीटरच्या आठ बसवल्या. गदिनियाच्या बंदरात आज दिसते ती या दुसऱ्या रूपातली. तिथले फोटो समोर धरून कुणी १९३९ च्या किटला चुकीचं ठरवलं, तर तो अन्याय होईल.

तेव्हा जहाजाचं नाव आणि महिना-वर्ष एका कागदावर लिहा. त्या काळाच्या जवळचे, तारीख माहीत असलेले दोन-तीन फोटो मिळवा. एक बाजूने घेतलेला आणि शक्य तर एक विमानातून घेतलेला. अमेरिकी जहाजांचे असे फोटो नौदलाच्या इतिहास विभागाच्या संग्रहात सहज मिळतात.

दुसरी पायरी: खोकं उघडण्याआधी आकडे काढा

डोळ्यांना सवय होण्याआधी आकडे कागदावर असले पाहिजेत. फ्लेचरची एकूण लांबी ३७६ फूट ६ इंच, म्हणजे सुमारे ११४.८ मीटर. ७०० ने भागा, १६४ मिलिमीटर आले. कमाल रुंदी १२.१ मीटर, म्हणजे १७.३ मिलिमीटर. १/३५० प्रमाणात दोन्ही आकडे दुप्पट.

इथे एक सापळा आहे. जलरेषेवरची, म्हणजे पाणी जिथवर येतं तिथली, लांबी वेगळी असते, कारण नाळ पुढे झुकलेली असते. फ्लेचरसाठी ती ३६९ फूट, म्हणजे प्रमाणात १६०.७ मिलिमीटर. हल तळाशी मोजली आणि एकूण लांबीच्या आकड्याशी ताडून पाहिली तर निर्दोष किट तीन मिलिमीटरने आखूड वाटेल. डेकच्या पातळीवर, नाळेच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत मोजा.

आणखी काही आकडे जवळ ठेवा. पाच इंची तोफेची नळी ३८ कॅलिबरची, म्हणजे भोकाच्या व्यासाच्या ३८ पट लांब, ४.८ मीटर, प्रमाणात ६.९ मिलिमीटर. त्यातला काही भाग कवचाच्या आत जातो. २१ इंची टॉर्पेडोचा व्यास ०.७६ मिलिमीटर, त्यामुळे पाच नळ्यांचा संच पावणेचार मिलिमीटरपेक्षा अरुंद असूच शकत नाही. उभा माणूस अडीच मिलिमीटर. एक मीटर उंचीचा कठडा १.४ मिलिमीटर. माणसाचा आकडा सगळ्यात कामाचा. दरवाजे, शिड्या, तोफांभोवतीच्या भिंती हे सगळं त्याच्याशी ताडता येतं. दरवाजा साडेतीन मिलिमीटर उंच निघाला तर तो प्रत्यक्षात आठ फूट झाला, आणि युद्धनौकेत एवढ्या उंच दारांना जागा नसते.

हत्यारं फार लागत नाहीत. व्हर्नियर कॅलिपर, भिंग, टॉर्च, सपाट जाड काच, शिवणाचा दोरा, चिमटा आणि साध्या छपाईच्या कागदाच्या काही पट्ट्या. असा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, तेव्हा फट मोजायला तो फुकटचा गेज आहे.

तिसरी पायरी: मोजदाद

पांढऱ्या ट्रेवर एकेक पिशवी उघडा, सगळ्या एकदम नाही. सूचनापत्रातल्या यादीवर खुणा करत जा. फ्लेचरसाठी पाच मुख्य तोफा, दोन धुरांडी, मागच्या टोकाला डेप्थ चार्जचे, म्हणजे पाणबुडीवर टाकायच्या स्फोटकांचे, दोन रॅक आणि दोन्ही बाजूंना मिळून सहा फेकयंत्रं. पिशवीच्या कोपऱ्यात तुटून पडलेले तुकडे फेकू नका, एखादी नळी त्यातच असते. आहे त्या अवस्थेत फोटो काढून ठेवा. पुढे उत्पादकाशी बोलायची वेळ आली तर ते लागतील.

चौथी पायरी: हल

इथे घाई करू नका. बाकी सगळ्या पायऱ्यांना मिळून जेवढा वेळ द्याल तेवढा या एकीला द्या.

आधी लांबी आणि रुंदी मोजा. रेझिन घट्ट होताना किंचित आकसतं, त्यामुळे १६३ मिलिमीटर भरली तर काळजीचं कारण नाही. १६० भरली तर मात्र जहाज प्रत्यक्षात अडीच मीटरहून जास्त आखूड झालं. अशा वेळी रुंदीही पाहा. दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी असतील तर मूळ नमुना (ज्यावरून साचा घेतात तो) बरोबर आहे, नुसतं आकसणं जास्त झालंय, आणि मॉडेल डोळ्यांना खटकणार नाही. लांबी कमी आणि रुंदी पुरेपूर असेल तर आकारच चुकला. फ्लेचरची लांबी रुंदीच्या साडेनऊ पट आहे, आणि विनाशिकेचा सगळा डौल त्या सडपातळपणात आहे. तो गेला तर मॉडेल बोजड दिसतं आणि पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही.

मग हल काचेवर ठेवा. जलरेषेवर कापलेली हल असेल तर तळ काचेला सगळीकडे टेकला पाहिजे. नाळेवर एक बोट आणि मागच्या टोकावर दुसरं बोट ठेवून आळीपाळीने हलकं दाबा. डुगडुगली तर तळाला बाक आहे. पलीकडून टॉर्च लावा, प्रकाशाची फट कुठे दिसते ते बघा आणि तिथे कागदाच्या पट्ट्या सरकवा. एक-दोन पट्ट्या जात असतील तर फारसं बिघडलेलं नाही. अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर सरळ करावी लागेल. हल हात पोळेल इतक्या गरम, पण न उकळत्या पाण्यात काही मिनिटं ठेवायची, मऊ झाली की काचेवर दाबून धरायची आणि तशीच गार होऊ द्यायची. लांबीच्या दिशेचा बाक यात बहुतेक वेळा जातो.

पीळ जास्त त्रासदायक. नाळ एकीकडे आणि मागचं टोक दुसरीकडे कललेलं असेल तर ते काचेवर नीट दिसत नाही. त्यासाठी हल डोळ्यांच्या पातळीवर धरा आणि नाळेकडून मागे पाहा. पुढच्या आणि मागच्या तोफेच्या बैठका एकमेकींना समांतर आहेत का? कॅलिपरने काचेपासून डेकच्या कडेपर्यंतची उंची डावीकडे आणि उजवीकडे, तीन ठिकाणी मोजा. फरक ०.२ मिलिमीटरच्या आत असावा. पीळही गरम पाण्याने निघतो, पण कधी कधी काही महिन्यांनी परत येतो, म्हणून तो किटच्या उण्या बाजूला लिहा.

आता दोरा घ्या. नाळेच्या टोकावर चिकटपट्टीने एक टोक लावा, ताणून मागच्या टोकाच्या मध्यावर दुसरं लावा. पुढच्या दोन तोफांच्या बैठका, ब्रिजची जागा, दोन्ही धुरांडी, मागच्या तीन तोफा, सगळ्यांचे मध्यबिंदू दोऱ्याखाली आले पाहिजेत. वरून पाहताना एक डोळा मिटा आणि डोकं दोऱ्याच्या बरोबर वर ठेवा, नाहीतर तिरकं पाहिल्यामुळे खोटा फरक दिसतो. बैठका छिद्रांच्या असतील आणि एखादं छिद्र सरकलेलं असेल तर बुजवून नवं पाडता येतं. बैठक उंचवट्याची असेल तर काम बरंच वाढतं.

डावी-उजवी बाजू सारखी आहे का हे पाहायला मोबाइल वापरा. हल काळ्या कागदावर ठेवा, लांबून, झूम करून बरोबर वरून फोटो घ्या. जवळून घेतला तर टोकं वाकडी दिसतात. फोटो आडवा उलटवून मूळ फोटोवर अर्धपारदर्शक ठेवा. कडा जुळल्या पाहिजेत. मला स्वतःला ही चाचणी सगळ्यात भरवशाची वाटते, कारण नमुना हाताने घडवलेला असेल तर त्याची एक बाजू फुगलेली असण्याचा संभव असतो, आणि त्या वक्र पृष्ठभागावर कॅलिपरही फसतो.

शेवटी आकार. फ्लेचरचा डेक नाळेपासून मागच्या टोकापर्यंत सलग आहे, मध्ये पायरी नाही. मात्र तो सपाट नाही. बाजूने पाहिलं तर नाळेकडे सुरेख वर चढत जातो. ही चढण सरळ रेषेसारखी आली असेल तर जहाजातला जिवंतपणा जातो. नाळेची कड सुरीसारखी बारीक हवी. ती बोथट असेल तर पॉलिश पेपरने धार आणता येते, पण त्यात लांबी घटते, म्हणून आधी मोजलेला आकडा बघून ठरवा. नाळेच्या वरच्या भागात बाजू बाहेर उमलतात. समोरून घेतलेला जुना फोटो शेजारी ठेवून तो उमलता बाक आला आहे का, की बाजू सरळ भिंतीसारख्या उतरल्या आहेत, ते पाहा. हे पुट्टीने सुधारता येत नाही.

पूर्ण हलचं किट दोन तुकड्यांत असेल तर वरचा आणि खालचा भाग जोडून सांधा सगळीकडे तपासा. मध्ये जुळून टोकांना पाव मिलिमीटरची पायरी राहणं नेहमीचं. दोन्ही भागांची लांबीच वेगळी निघाली तर ते गंभीर.

पाचवी पायरी: पृष्ठभाग

टॉर्च आडवा धरा, जवळजवळ डेकला समांतर. वरून पडणाऱ्या उजेडात न दिसणारं सगळं दिसू लागतं. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं, साच्याच्या फाटीमुळे आलेल्या उभट रेघा, भागांच्या कडांना लागलेला रेझिनचा पापुद्रा. छिद्रं कुठे आहेत ते महत्त्वाचं. तळाला असतील तर विसरून जा. सपाट बाजूवर असतील तर पुट्टीचं काम. डेकवरच्या साखळीच्या, झाकणांच्या किंवा खुंट्यांच्या अगदी शेजारी असतील तर ती बुजवताना शेजारचा बारकावा घासला जाईल, म्हणून ती जास्त मोजा. पृष्ठभाग बोटाने हलकेच चाचपून पाहा. एखादा पातळ थर खाली पोकळ असतो आणि प्रायमर लावल्यावर आत बसतो.

कुठे रेझिन चिकट लागत असेल तर तिथे मिश्रण नीट जमलेलं नाही. त्यावर रंग टिकणार नाही. असा भाग बदलूनच मागा.

जास्त बारकावा म्हणजे चांगलं किट, असं समजू नका. हलवर पत्र्यांच्या सांध्यांच्या उठावदार रेषा पाहून बरेच जण खूश होतात. हिशेब करा. ०.१ मिलिमीटर उठाव म्हणजे खऱ्या जहाजावर सात सेंटिमीटरची पायरी. कुठल्याही विनाशिकेच्या पत्र्यांना अशी पायरी नसते. १/७०० मध्ये जवळपास गुळगुळीत हल जास्त खरी, आणि नुसत्या सावलीसारखी जाणवणारी रेषा त्याहून सुंदर.

प्रिंट केलेल्या हलमध्ये हीच तपासणी थरांच्या रेषांसाठी करा. सपाट डेकवरच्या रेषा घासून जातात. पण नाळेच्या उमलत्या बाजूवर, ब्रिजच्या गोलाईवर किंवा बारकाव्यांच्या मधे अडकलेल्या रेषा काढणं फार कठीण. आधाराच्या काड्या कुठे लावल्या आहेत तेही पाहा. जाणत्या उत्पादकाने त्या तळाला किंवा झाकल्या जाणाऱ्या बाजूला लावलेल्या असतात.

सहावी पायरी: लहान भाग

पाचही मुख्य तोफा एका ओळीत ठेवा आणि भिंगातून पाहा. त्या एकाच नमुन्यावरून ओतलेल्या असतात, म्हणून त्यांतला फरक हा साच्याच्या अवस्थेचा पुरावा. कवचाच्या कडा एकीत तीक्ष्ण आणि दुसरीत वितळल्यासारख्या असतील तर साचा थकला होता. मग बाकीचे भागही बारकाईने बघा.

टॉर्पेडो संचात पाच नळ्या सुट्यासुट्या दिसतात का आणि तोंडं खोलगट आहेत का? धुरांड्यांचं तोंड आतून काळं, खोल दिसायला हवं. भरीव असेल तर बारीक ड्रिलने कोरता येतं, फार तर अर्ध्या तासाचं काम.

नळ्यांच्या जाडीवर किटला नापास करू नका. २० मिलिमीटरच्या ओर्लिकॉन तोफेच्या नळीचं भोक प्रमाणात ०.०३ मिलिमीटर होतं. ते ओतून मिळणं शक्यच नाही, त्यामुळे नळ्या जाडच असणार. नळी सरळ आहे का आणि मुळाशी तडा आहे का, एवढंच पाहा. वाकलेली नळी गरम पाण्याने सरळ होते. तुटलेली असेल तर तिच्या जागी बारीक तार किंवा कातलेली पितळी नळी बसवतात. बऱ्याच चांगल्या किटांत पाच इंची तोफांसाठी अशा नळ्या आधीच दिलेल्या असतात.

ओतकामाच्या मुळ्या कुठे आहेत? भागाच्या पायाशी असतील तर कापणं सोपं. डोलकाठीच्या टोकाला किंवा तोफेच्या कवचाच्या दर्शनी बाजूला जाड मुळी असेल, तर कापताना भाग तुटायची शक्यता मोठी. नवख्यासाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा, कारण किट किती अवघड जाणार हे यावरूनच कळतं.

सातवी पायरी: पितळी पत्रा

आता तो पत्रा घ्या. आधी तो सपाट आहे का, कोपरा दुमडलेला नाही ना, हे पाहा. घडीच्या रेषा अर्ध्या खोलीपर्यंत कोरलेल्या असाव्यात. नसतील तर ब्रिजवरच्या भिंती सरळ दुमडणार नाहीत. भाग चौकटीला ज्या पट्ट्यांनी जोडलेले असतात त्या अरुंद असाव्यात, नाहीतर कठडे कापताना वेडेवाकडे होतात. कठड्याची उंची मोजा. दोन मिलिमीटर निघाली तर तो खलाशांच्या छातीपर्यंत येतो.

रडारवरून किटचं वर्ष पुन्हा पडताळता येतं. फ्लेचरच्या डोलकाठीवर एससी-२ आणि एसजी ही रडार असत आणि ब्रिजवरच्या मार्क ३७ दिग्दर्शकावर, म्हणजे तोफांचा नेम ठरवणाऱ्या यंत्रावर, आधी मार्क ४ रडार, नंतर मार्क १२ आणि २२ ची जोडी आली. पत्र्यावर दोन्ही पर्याय असतील तर उत्पादकाने अभ्यास केलाय असं समजा. मार्क २२ चा उभट, संत्र्याच्या फोडीसारखा अँटेना १९४२ च्या जहाजासाठी दिला असेल तर बाकीच्या तपशिलाकडेही संशयाने पाहायला हवं.

आठवी पायरी: सूचना, डिकॅल आणि रंगांचा तक्ता

रेझिन किटांचं सगळ्यात दुबळं अंग बहुधा हेच. धूसर छापलेला एक कागद, बाण हवेत संपणारे, लहान भागांना क्रमांक नाहीत. प्रत्येक भागाची जागा सूचनापत्रावरून सांगता येते का, हे एकदा मनाशी करून पाहा. चार-सहा भागांबाबत उत्तर मिळालं नाही तर आराखडा मिळवावाच लागेल. फ्लेचरचे मूळ आराखडे सार्वजनिक आहेत, म्हणून निभावतं. कमी परिचित जहाजासाठी वाईट सूचनापत्र हा मोठा दोष धरा.

डिकॅलमध्ये पांढरा रंग अपारदर्शक आहे का आणि रंग एकमेकांवर बरोबर बसलेत का, ते भिंगातून पाहा. अमेरिकी जहाजांवर युद्धकाळात नाळेवरचे क्रमांक लहान असत. मोठे, काळ्या सावलीचे आकडे युद्धानंतरचे. ध्वजावर ४८ तारे हवेत. १/७०० मध्ये ते मोजता येणार नाहीत, १/३५० मध्ये येतात.

रंगांच्या तक्त्यात मी एक गोष्ट आवर्जून बघतो. मेझर २२ या रंगसंगतीत खाली गडद नेव्ही ब्लू आणि वर फिकट हेझ ग्रे असतो. निळ्या पट्ट्याची वरची कड जलरेषेला समांतर, सरळ आडवी जाते आणि डेकच्या सर्वांत खालच्या बिंदूशी मिळते. त्यामुळे नाळेकडे, जिथे डेक वर चढतो, तिथे हलच्या वरच्या भागावर फिकट करडा रंग दिसतो. तक्त्यात निळा रंग डेकच्या कडेबरोबर वर चढवलेला असेल तर तो तक्ता फोटो न पाहता काढलेला आहे.

नववी पायरी: धुणं आणि कोरडी जुळवणी

साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य भागांवर राहतं. कोमट साबणाच्या पाण्यात, मऊ ब्रशने धुवा. तुटके भाग नाल्यात जाऊ नयेत म्हणून चाळणीवर धुवा. सुकल्यावर ग्लू न लावता ब्रिज, धुरांडी आणि मधली डेकघरं जागेवर ठेवा. फट किती राहते, धुरांडी एका रेषेत आणि सारख्या कलाने उभी राहतात का, हे बाजूच्या फोटोशी ताडा. मूळ फोटो आणि तुमचा फोटो एकाच कोनातून असेल तर चूक पटकन लक्षात येते.

जुळवताना घासायची वेळ आली तर नेहमी ओलं घासा आणि मास्क लावा. रेझिनची धूळ फुप्फुसांना घातक आहे. प्लॅस्टिकचा ग्लू रेझिनवर चालत नाही. सुपर ग्लू किंवा दोन भागांचा इपॉक्सीच लागतो.

दहावी पायरी: निकाल

आतापर्यंत लिहिलेल्या दोषांचे तीन गट करा. पुट्टी, पॉलिश पेपर आणि गरम पाण्याने जाणारे दोष पहिल्या गटात. त्यांची संख्या कितीही असली तरी घाबरू नका, फक्त लागणारा वेळ मोजा. दुसऱ्या गटात सुटा भाग आणून भागणारे: नळ्या, कठडे, डिकॅल, रडार. त्यांचा खर्च किटच्या किमतीत मिळवा आणि मग किट महाग पडतं का ते ठरवा. तिसऱ्या गटात आकाराचे दोष: चुकलेली रुंदी, फुगलेली बाजू, न उमललेली नाळ, भलत्याच वर्षाचा ब्रिज. पहिलंच रेझिन किट असेल आणि तिसऱ्या गटात एकही ओळ आली तर ते परत करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. अनुभवी माणूस कदाचित अर्धी हल नव्याने घडवेल, पण नवख्याची सगळी उमेद त्यात संपते. तिसरा गट रिकामा आणि पहिला गच्च भरलेला असेल, तर ते किट खुशाल ठेवा. हात बसवायला त्याहून चांगलं साधन नाही.

भाग कमी, तुटका किंवा चिकट निघाला तर उत्पादकाला लगेच कळवा. रेझिन किटं बनवणारे उद्योग सहसा लहान असतात आणि सुटा भाग ओतून पाठवणं त्यांना अवघड नसतं. पत्रात भागाचा क्रमांक, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो आणि खोकं उघडतानाचा फोटो द्या. ‘किट खराब आहे’ एवढंच लिहिलं तर काय पाठवायचं ते त्यांना कळत नाही. उत्तर येईपर्यंत हल सपाट काचेवर, ऊन आणि उष्णतेपासून दूर ठेवा. तिरकी टेकवून ठेवलेली हल उन्हाळ्यात आपोआप वाकते.